थेट प्रक्षेपणाची तालीम : मुंबई दूरदर्शनच्या प्रारंभकाळातील स्टुडिओ-दिग्दर्शन

प्रस्तावना :
भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे प्रायोगिक स्वरूपात झाला. त्यानंतर तेरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, वरळी येथे मुंबई केंद्र सुरू झाले. देशातील हे दुसरे केंद्र होय. या केंद्राच्या इतिहासाची मांडणी बहुधा कार्यक्रम आणि कलावंत यांच्या आधारे केली जाते. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'आमची माती, आमची माणसं' ही कार्यक्रमांची नावे, तसेच विनायक चासकर, सुहासिनी मुळगांवकर, विजया जोगळेकर-धुमाळे यांच्यासारखे निर्माते प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले. मात्र कार्यक्रमापूर्वी स्टुडिओत होणाऱ्या तालमीची दखल क्वचितच घेतली गेली. थेट प्रक्षेपणात दिग्दर्शनाचे बहुतेक निर्णय तालमीतच होतात. म्हणून या काळाचा इतिहास तालमीला वगळून पूर्ण होत नाही, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

तालीम : संकलनाचा पर्याय
चित्रपटात दिग्दर्शकाला दोनदा विचार करण्याची मुभा असते. चित्रीकरणात राहिलेला दोष संकलनात झाकता येतो. थेट प्रक्षेपणात ही सोय नाही. अमेरिकेत १९५६ मध्ये चित्रफीत वापरात आली. परंतु दोन इंच रुंदीची ती फीत महाग होती आणि तिचे संकलन किचकट होते. त्यामुळे ध्वनिचित्रमुद्रित कार्यक्रमही पुष्कळदा थेट प्रक्षेपणाप्रमाणे सलगच सादर करावा लागे. कोणत्या वाक्याला कोणता कॅमेरा, दृश्य जवळचे की दूरचे, हे आधीच ठरवून संहितेच्या समासात क्रमांकासह लिहिले जाई. अर्थात, संकलकाने नंतर करावयाचे काम येथे निर्मात्याला आधी करावे लागे.

तालमीचे टप्पे :
तालमीचा पहिला टप्पा कॅमेऱ्याविना पार पडतो. जमिनीवर खडूने नेपथ्याच्या रेषा आखून नटांच्या हालचाली बसविल्या जातात. दुसऱ्या टप्प्यात कॅमेरे, प्रकाशयोजना आणि ध्वनिग्राहक यांची सांगड घातली जाते. नटावर पडणारी बूमची सावली किंवा एका कॅमेऱ्याच्या चौकटीत शिरणारा दुसरा कॅमेरा, असे दोष येथेच उघड होतात. शेवटी वेशभूषेसह रंगीत तालीम होते. या वेळी घड्याळ लावून प्रत्येक प्रवेशाचा अवधी नोंदविला जातो. पुढचा कार्यक्रम ठरल्या क्षणी सुरू व्हावयाचा असल्याने, वेळ वाढल्यास कोणता मजकूर गाळावयाचा हेही ठरवून ठेवावे लागते.

या क्रमात निर्मात्याचे स्थान बदलत जाते, ही बाब महत्त्वाची आहे. आरंभी तो नटांसमवेत असतो. नंतर नियंत्रण कक्षात जातो. तेथून त्याचा आवाज हेडफोनद्वारे कॅमेरामन आणि फ्लोअर मॅनेजर यांच्यापर्यंत पोहोचतो. नटाला तो ऐकू येत नाही. फ्लोअर मॅनेजरच्या हाताच्या खुणा हाच दोघांमधील दुवा उरतो. प्रक्षेपण सुरू झाल्यावर नटाला काहीही समजावून सांगता येत नसल्याने ते सारे तालमीतच सांगून झालेले असावे लागते.

रंगभूमीचा वारसा :
विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे 'सीतास्वयंवर' सादर केले. तेव्हापासून मराठी रंगभूमीला तालमीची दीर्घ परंपरा लाभली. परंतु शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविणे हे तिचे एक प्रमुख उद्दिष्ट होते. कॅमेरा मात्र नटापासून हातभर अंतरावर असतो. तेथे मोठा आवाज आणि विस्तृत हावभाव कृत्रिम भासतात. नेमलेल्या जागेपासून नट अर्धा फूट सरकला तरी तो चौकटीबाहेर जातो. १९६० मध्ये स्थापन झालेली 'रंगायन' आणि सत्तरच्या दशकातील छबिलदासची प्रायोगिक चळवळ यांनी निकट प्रेक्षकांसमोरच्या अभिनयाचा संस्कार घडविला. तो या नव्या माध्यमाला जवळचा होता. भक्ती बर्वे यांनी रंगभूमी आणि दूरदर्शनवरील वृत्तनिवेदन ही दोन्ही क्षेत्रे सांभाळली. दूरदर्शन १ एप्रिल १९७६ पर्यंत आकाशवाणीचाच भाग असल्याने नभोवाणीची वेळेची शिस्तही या स्टुडिओत सहजपणे आली.

तालमीची मर्यादा आणि सामर्थ्य :
सर्वच कार्यक्रमांना सारखी तालीम मानवत नाही. मुलाखतीची उत्तरे आधी घोटून घेतली तर बोलणारा पाठांतर म्हणू लागतो. शेतकऱ्यांशी होणाऱ्या संवादालाही हेच लागू पडते. अशा वेळी बैठक, ध्वनिग्राहक, पहिला प्रश्न आणि समारोपाची खूण एवढ्याचीच तालीम पुरेशी ठरते.

तालीम चांगली झाली असेल तर अनपेक्षित प्रसंगही निभावता येतो. ३० नोव्हेंबर १९५८ रोजी ब्रिटनमध्ये 'आर्मचेअर थिएटर' या मालिकेतील 'अंडरग्राउंड' या नाटकाचे थेट प्रक्षेपण चालू असताना गॅरेथ जोन्स या नटाचे निधन झाले. दिग्दर्शक टेड कॉचेफ यांनी उर्वरित प्रवेशांची फेरमांडणी केली आणि सहकलावंतांनी प्रयोग पूर्ण केला. सर्वांना संपूर्ण नाटकाची रचना अवगत नसती, तर हे शक्य झाले नसते. याचा अर्थ, तालीम नटाला केवळ ठरलेले करावयास शिकवीत नाही. ठरलेले मोडल्यास काय करावे याचीही ती तयारी असते.

निष्कर्ष :
थेट प्रक्षेपण हवेत विरून जाते आणि महागड्या फिती पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत जगभर होती. परिणामी, या काळातील अनेक कार्यक्रम पाहून त्यांचा अभ्यास करणे आज शक्य नाही. अशा स्थितीत समासात खुणा केलेल्या संहिता, नेपथ्याचे आराखडे, प्रकाशयोजनेचे तक्ते आणि तंत्रज्ञांच्या आठवणी हीच अभ्यासाची साधने उरतात. १९७२ मध्ये पंचविशीत असलेली व्यक्ती आज पंचाहत्तरी ओलांडून गेली आहे. महाविद्यालयांतील इतिहास, मराठी आणि माध्यमविद्या विभागांनी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने या आठवणी नोंदवून घेणे निकडीचे आहे. निर्माते आणि नट यांच्याबरोबरच फ्लोअर मॅनेजर, कॅमेरामन व प्रकाशयोजनाकार यांनाही या नोंदींत स्थान मिळाले पाहिजे. कारण नियंत्रण कक्षातून दिलेली सूचना प्रत्यक्षात आणणारे हात त्यांचेच होते.