चोळपुरमची हिरवळ आणि देवाची फुलबाग

तंजावर-कुंभकोणमच्या मालिकेत आज बागेविषयी बोलायचंय. ऐतिहासिक बाग म्हटलं की आपल्याला मुघलांचा शालिमार आठवतो. कुणी परदेशी फिरून आलेलं असेल, तर भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावरची आल्फाबियाची बाग सांगेल, जिचं मूळ अरब राजवटीत आहे. चोळांच्या देशात मात्र बाग बघायला कुणी जात नाही. मी मुद्दाम त्यासाठीच गेलो.

आधी नावाचा घोळ मिटवू. कुंभकोणमहून उत्तरेला निघालात की चोळपुरम् नावाचं गाव लागतं. ते आपलं राजधानीचं चोळपुरम् नव्हे. पुढे कोळ्ळिडमवरचा १८३६ चा बंधारा ओलांडायचा, मग येतं गंगैकोंडचोळपुरम्. राजेंद्र चोळानं गंगेपर्यंतच्या मोहिमेनंतर, १०२५ च्या सुमारास वसवलेलं. त्यानं इथे प्रचंड तलाव खोदवला आणि त्याला नाव दिलं चोळगंगम्. बाकीचे राजे विजयस्तंभ दगडाचा उभारतात, यानं पाण्याचा उभारला!

देवळाभोवती आज सुरेख हिरवळ आहे. सगळे तिच्यावर उभे राहून फोटो काढतात, मीही काढला. पण ही हिरवळ चोळांची नाही, पुरातत्त्व खात्याच्या उद्यान शाखेची आहे. गवत कापून गालिचा करायची ही रीत इंग्रजांची, तिकडच्या पावसात वाढलेली. दारासुरमलाही तेच. नीटनेटकं दिसतं, यात वाद नाही. माझी तक्रार एवढीच, की तिथे उभा राहणारा माणूस हीच जुनी बाग असं समजून परत जातो, आणि खरी बाग कुठे होती हे त्याला सांगणारं कुणी नसतं.

खरी बाग म्हणजे नंदवनम्, देवाची फुलबाग. चोळांच्या शिलालेखांत ती पुन्हा पुन्हा भेटते. अमुक जमीन फुलबागेसाठी दिली, तिला कर माफ, माळ्यांना इतकं भात, देवाला रोज इतक्या माळा. अशा जमिनीला शब्दच आहे, तिरुनंदवनप्पुरम्. म्हणजे ही बाग फिरायला नव्हती, कामाची होती. तगर, कण्हेर, मोगरा, सोनचाफा, बेल, तुळस. पाणथळीत लाल कमळिणी. माळ्याच्या पोटाची सोय दगडावर कोरून ठेवलेली. मुघल बागेत बादशहाचं नाव कळतं, इथे माळ्याचा पगार कळतो. मला हे जास्त मोलाचं वाटतं.

तमिळ परंपरा सांगते, की पेरियाळ्वार हे श्रीविल्लिपुत्तूरला फुलबाग राखायचे आणि आंडाळ त्यांना तुळशीपाशीच सापडली. आपल्याकडे अरणचे सावता माळी मळ्यातच देव पाहायचे. दोघांच्या हातात माती एकच.

आता मराठ्यांकडे येऊ. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी (१७९८ ते १८३२) वनस्पतींकडे वैद्याच्या नजरेनं पाहिलं. धन्वंतरी महालात औषधं बनवली जात, औषधी वनस्पतींची रंगीत चित्रं त्यांनी काढवून घेतली. त्याच राजांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला, १८०३ साली. देवळाशेजारची शिवगंगा बाग मात्र मराठ्यांची नव्हे. राज्य खालसा झाल्यावर १८७१-७२ मध्ये तंजावर नगरपालिकेनं ती लोकांसाठी केली.

म्हणजे एका शहरात तीन तऱ्हेची बाग झाली: देवासाठी, औषधासाठी, फिरण्यासाठी. तिसरी सगळ्यांना माहीत आहे. पहिलीची जमीन बऱ्याच देवळांच्या हातून गेली, किंवा तिथे आता काँक्रीट आहे. काही देवळांत एखादा कोपरा अजून राखतात. पाटी तमिळमध्ये असेल, तर 'नंदवनम्' एवढा शब्द विचारा, पुजारी हात करून दाखवतात.

फुलं आता बहुतेक बाजारातून येतात. कुंभकोणमच्या देवळांच्या दारात बायका गजरा अजूनही कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हातावर मोजून देतात. त्या मापाला मुळम् म्हणतात.