बहिणाबाईंची गाणी कुणी वाचवली?

कलावंताचे चरित्र लिहिताना आपण आधी त्याचे दुःख सांगतो, मग कला सांगतो, आणि पहिल्यातूनच दुसरी निपजली असे धरून चालतो. खानदेशात तर ही सवय फार पक्की आहे. बहिणाबाई चौधरींचे वैधव्य आणि बालकवींचा रेल्वेखालचा मृत्यू हे त्यांच्या कवितेचे जणू मूळच मानले जाते. मला मात्र ही आयुष्ये पाहताना उलटेच दिसते. हालअपेष्टा कलेच्या मुळावरच उठल्या होत्या. कला टिकली ती कुणीतरी वेळेवर हात दिला म्हणून.

असोद्याला 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींच्या घरी सून म्हणून आल्या. तिशीच्या सुमारास नवरा गेला. पदरी लहान मुले, त्यातला ओंकार प्लेगने कायमचा अधू झालेला, आणि शेतातले काम तर कुणाला चुकणारे नव्हते. अक्षरओळख नसल्याने जात्यावर किंवा बांधावर सुचलेले गाणे तिथेच हवेत विरून जायचे. शाळकरी सोपानदेवांनी एकदा पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो त्या कथेचे गाणे तयार! तेव्हापासून मुलगा आईची गाणी वहीत उतरवू लागला. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या, तेव्हा त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हते. ती गाणी पुढे आचार्य अत्र्यांच्या कानावर पडली, त्यांनी त्यांचे मोल ओळखले आणि 1952 साली संग्रह निघाला. घरच्या ओढगस्तीपायी सोपानदेवांची शाळा सुटली असती, तर यातले काहीच घडले नसते.

यावर कुणी म्हणेल, त्यांची सर्वांत काळजाला भिडणारी गाणी वैधव्याचीच नाहीत का? आहेत, आणि ते दुःख त्यांनी ज्या धीराने शब्दांत पेलले त्याला तोड नाही. पण पेरणी, कापणी, आखाजीचा सण, सुगरणीचा खोपा आणि माणसाचे मन यांवरची गाणी वगळली तर बहिणाबाई उरतात किती? शिवाय दुःखाने कवी घडत असते, तर संवत 1956 च्या (1899-1900) दुष्काळाने आणि प्लेगने उजाड केलेल्या खानदेशात घरोघरी बहिणाबाई निपजल्या असत्या. बहिणाबाईंना ओवीची चाल दिली ती जात्यावर गाणाऱ्या बायांच्या पिढ्यांनी, आणि ती चाल त्यांच्या कानात विपत्तीच्या कितीतरी आधीपासून होती.

बालकवींचेही तसेच. धरणगावी 1890 साली जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे हा मुलगा सतराव्या वर्षी लोकांपुढे आला तो 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात. अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला तिथे ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढे रेव्हरंड टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी ठेवून घेतले, तिथल्या दिवसांबद्दल टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिले आहे. म्हणजे आधी व्यासपीठ, मग घर, आणि या आधारावर कविता बहरली. नंतरच्या कवितांत उदासी दाटते हे खरे, आणि ती उदासी थोर आहे हेही खरे. पण 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला तेव्हा वय अवघे सत्तावीस होते. या मृत्यूने मराठी कवितेचे केवढे नुकसान केले, हे त्याला काव्यमय ठरवणारे विसरतात.

खानदेशात जपणूक करणारी माणसे नव्हती असे नाही. बहिणाबाईंचे लग्न झाले त्याच 1893 साली धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापन झाली. तिचे संस्थापक शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव हिंडून रामदासी वाङ्मयाची बाडे मिळवली, ती छापली, आणि ते काम अनमोल आहे. मात्र त्या काळी जपायचे ते पोथीतले, ही समजूत होती. ज्यांचे गाणे पोथीत चढलेच नाही, त्या जात्यावरच्या बायांकडे, वहीगायन हा लोकप्रकार गाणाऱ्यांकडे, तमाशाच्या फडातल्या सोंगाड्यांकडे तशी नजर गेली नाही. घरी लिहिता मुलगा असणे हे त्यांतल्या फार थोड्यांच्या वाट्याला आले. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018 साली बहिणाबाईंचे नाव मिळाले. त्या नावाचा मान राखायचा तर शिरपूर-साक्रीपासून रावेर-यावलपर्यंतच्या म्हाताऱ्या गाणाऱ्यांचे आवाज आणि त्यांच्या तोंडची गाणी आज नोंदवली पाहिजेत, आणि फड बंद पडल्यावर मजुरीला जाणाऱ्या कलावंतांना वेळेवर मानधन मिळाले पाहिजे.