भिंतीवरचं अर्धं वाक्य

रस्त्यावरच्या भिंतीवर लोकांनी लिहावं असं वाटत असेल, तर तुम्ही काय कराल? कोरी भिंत सोडाल? कोऱ्या भिंतीसमोर माणूस बिचकतो.

२००५ च्या कतरिना वादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये कितीतरी घरं ओस पडली. २०११ मध्ये कलाकार कँडी चँग यांनी, जवळची व्यक्ती गमावल्यानंतर, अशाच एका घराच्या भिंतीला फळ्याचा रंग दिला. स्टेन्सिलने एकच अर्धं वाक्य ओळीओळीत उमटवलं: ‘मरण्यापूर्वी मला...’ आणि पुढे रिकामी जागा. शेजारी खडू ठेवले. दुसऱ्या दिवशी बघावं तर भिंत भरलेली!

नीट बघा: प्रश्न ठरलेला, जागा ओळभर, उत्तर मोकळं. ही तर आपली प्रश्नावलीच झाली. फरक एवढाच, की खडू पुसला जातो. भिंत भरली की धुवायची, मग नवी उत्तरं.

उद्या या भिंतीचा इतिहास लिहायला बसलात, तर हाती बहुतेक फोटोच येतील. म्हणजे कुणाला तरी टिपावीशी वाटली तेवढीच उत्तरं. बाकीची पाण्याबरोबर गेली. म्हणून कुठलंही साधन हाताळताना आधी विचारा: हे कुणी जपलं, आणि काय पुसलं गेलं?