आपल्या आधी बोललेल्या बाया

आज जुन्या काळातल्या काही बायकांची गोष्ट सांगायची आहे. पण सुरुवात आमच्याच एका फजितीपासून करतो.

मागच्या वर्षी पाचोरा तालुक्यातल्या एका गावात आम्ही बचत गटाच्या अकरा जणी ग्रामसभेला गेलो होतो. वस्तीतल्या नळाला चार-चार दिवस पाणी येत नव्हते. अर्ज लिहून तयार होता. बोलायचे काम गटाच्या अध्यक्ष ताईंकडे दिले होते. या ताई गटाच्या बैठकीत सगळ्यांचा हिशोब तोंडपाठ सांगतात. कोणाचा हप्ता थकला, कोणाचे व्याज किती, त्यांना वही उघडावी लागत नाही. सभेत पुढे खुर्च्यांवर पुरुष मंडळी, आम्ही मागे दारापाशी. “महिलांचे काही म्हणणे आहे का?” असे विचारले गेले. ताई उभ्या राहिल्या. कागद हातात घडी घातलेला तसाच. चारशे डोळे आपल्याकडे वळले असे वाटून त्यांचा घसा कोरडा पडला. “काही नाही,” एवढे म्हणून त्या खाली बसल्या. पुढे इतिवृत्त पाहिले तर त्यात लिहिले होते : महिलांचे प्रश्न नाहीत.

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, “माले नही येत वं बोलता. हे जन्मतःच लागते.”

ते वाक्य आमच्या मनात राहून गेले. खरेच जन्मतःच लागते का? आमच्यापैकी काही जणींनी बी.ए.ला इतिहास घेतला होता. मग शोधायला लागलो की महाराष्ट्रात ज्या बायका सभेत उभ्या राहून बोलल्या, त्या बोलायला शिकल्या कुठे?

पहिले नाव सापडले रमाबाई रानडे यांचे. १८६२ साली सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावी कुर्लेकरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्या घरात मुलींना शिकवायची रीत नव्हती. १८७३ साली, अकरा वर्षांच्या असताना त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले आणि त्या पुण्याला आल्या, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. रानड्यांनी त्यांना घरीच शिकवायला सुरुवात केली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच आवडले नाही. टोमणे, अबोला, सगळे झाले. दिवसा घरकाम आणि बोलणी, रात्री अभ्यास, असे त्यांचे दिवस गेले. हे सगळे त्यांनी पुढे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात लिहून ठेवले. ते पुस्तक १९१० साली निघाले.

त्यांचे पहिले जाहीर भाषण नाशिकला झाले. रानड्यांची तिथे बदली झाली होती. हायस्कुलातल्या समारंभात रमाबाई पाहुण्या म्हणून गेल्या आणि चार शब्द बोलल्या. ते चार शब्द लिहून कोणी दिले होते? रानड्यांनी. म्हणजे पुढे ज्यांची भाषणे ऐकायला लोक येत, त्या बाईंचे पहिले भाषण नवऱ्याने लिहून दिलेले होते.

हे वाचून आमच्या ताईंना बराच धीर आला. चिठ्ठी वाचून बोलले तर लाज कसली? पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. रानड्यांनी कागद लिहून दिला, मात्र उभे बायकोला केले. आज काही गावांत सरपंच बाई असते, कागदही नवरा लिहितो आणि उभाही तोच राहतो. या दोन्हींत फार फरक आहे.

नाशिकहून रानड्यांची बदली झाली ती आपल्या खान्देशात, धुळ्याला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचा तो काळ, १८७९ साल. सरकारला रानड्यांचाही संशय होता, त्यांचे टपाल उघडून पाहिले जाई. अशा धास्तीच्या दिवसांत, नव्या गावातसुद्धा रमाबाईंचा अभ्यास सुरू राहिला. आपल्या घरी एखादे आजारपण आले की आपण सर्वांत आधी गटाची बैठक सोडतो. त्या वेळी धुळ्याची ही गोष्ट आठवावी.

पुढे पुण्यात त्यांना एक शाळा मिळाली. तिला फळा नव्हता आणि पाटीही नव्हती. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. बायका एकत्र बसत, कोणी वाचून दाखवी, कोणी बोले, बाकीच्या ऐकत. रमाबाई रानडे तिथे जाऊ लागल्या. पुरुषांच्या मोठ्या सभेत जायच्या आधी बायकांच्या लहान सभेत बोलायची सवय होणे, हे फार महत्त्वाचे. आपली बचत गटाची बैठक अगदी तशीच नाही का?

आणि पंडिता रमाबाई स्वतः कुठे शिकल्या? त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकांचा विरोध सोसून बायकोला संस्कृत शिकवले होते. मुलीनेही घरीच संस्कृत शिकले. हे कुटुंब गावोगाव तीर्थक्षेत्री फिरून पुराण सांगे. आईवडील दुष्काळात गेले, तरी रमाबाई भावाबरोबर पायी फिरत पुराण सांगत राहिल्या. देवळाच्या आवारात येणारेजाणारे थांबतील असे बोलायचे, हा त्यांचा सराव. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटले. १८८२ साली सरकारचा हंटर शिक्षण आयोग पुण्यात आला, तेव्हा त्यांनी आयोगापुढे साक्ष दिली आणि स्त्री डॉक्टर व स्त्री शिक्षिका हव्यात अशी मागणी केली. पुराण सांगून तयार झालेला आवाज सरकारी आयोगापुढेही डगमगला नाही.

रमाबाई रानड्यांची पुढची पायरी हिराबागेतल्या सभेची. मुलींसाठी हायस्कूल हवे, या मागणीचे निवेदन त्यांनी साहेब लोकांसमोर इंग्रजीत वाचले. बाहेर कौतुक झाले आणि घरी आल्यावर बायकांनी त्यांना नाही नाही ते ऐकवले. बोलणाऱ्या बाईला खरा जाच पुष्कळदा सभेत होत नाही, तो घरी परतल्यावर चुलीपाशी होतो. हे तेव्हाही होते. पण १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल उघडले, तीच आजची हुजूरपागा. पुढे १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष रमाबाई होत्या. १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले, तिथे कितीतरी बायका शिवणकाम, शिक्षिकेचे आणि नर्सचे काम शिकल्या. चिठ्ठीवरच्या चार शब्दांपासून परिषदेच्या अध्यक्षपदापर्यंत जायला पंचवीस वर्षांहून जास्त काळ लागला. म्हणून एका सभेत घसा सुकला तर वाईट वाटून घेऊ नका.

तुम्ही म्हणाल, त्या जज्जसाहेबांच्या बायको आणि शास्त्रीबुवांची मुलगी. आम्ही कापूस वेचणाऱ्या. आमचे कसे जमायचे?

मग आपल्या जिल्ह्यातल्या बहिणाबाई चौधरी घ्या. १८८० साली असोद्याला जन्म, शेतकऱ्याच्या घरात संसार, अक्षर-ओळख नाही. जात्यावर, शेतात, काम करता करता त्या रचत गेल्या. त्यांचे शब्द मुलाने, कवी सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या माणसांनी लिहून घेतले. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. यातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. एक, खान्देशच्या बाईजवळ शब्दांची कमी कधीच नव्हती. दुसरी, बोललेले कोणी लिहून घेतले तरच ते टिकते. जात्यावर बसून बोललेल्या अशा कितीतरी बायका असतील, त्यांचे कोणी लिहून घेतले नाही. आमच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताचे तेच झाले.

कष्टकरी बायकांच्या मोठ्या सभाही आपल्या महाराष्ट्रात झाल्या. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले होते. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका जमल्या. बायकोला घटस्फोटाचा हक्क असावा, एकापेक्षा जास्त लग्ने करण्याला बंदी असावी, गिरणीत काम करणाऱ्या बायकांना रजा मिळावी, असे ठराव त्यांनी केले. नुसती भाषणे करून त्या घरी गेल्या नाहीत. बोलणे ठरावात उतरले, म्हणून आज ऐंशी वर्षांनी आपल्याला कळते की त्यांना काय हवे होते.

आता अगदी जवळ येऊ. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. लाखांच्या संख्येने शेतकरी बायका आल्या. तिथून शेतकरी महिला आघाडी उभी राहिली आणि निवडणुकीत बायकांनी पूर्ण पॅनेल उभे करावे हा विचार पुढे आला. १९८९ साली आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावी सगळ्या बायकांचे पॅनेल ग्रामपंचायतीत निवडून आले. तेव्हा आरक्षणाचा कायदा नव्हता. त्याच काळात संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेतकऱ्याने आपण होऊन थोडी जमीन बायकोच्या नावे करायची. विटनेरच्या शेतकऱ्यांनीही तशा जमिनी केल्या. बाई पंचायतीत बोलू लागली आणि सातबारावर तिचे नाव आले, या दोन गोष्टी एकाच गावात घडल्या. पुढे महाराष्ट्रातल्या महिला पंचायतींवर १९९८ साली एक इंग्रजी पुस्तक निघाले. त्याच्या नावाचा अर्थ असा : ‘आणि मग चपात्या कोण करणार?’ हा प्रश्न आपल्यापैकी कोणी ऐकला नाही?

कायदा नंतर आला. १९९० साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत बायकांना ३० टक्के जागा दिल्या. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू होऊन देशभर एक तृतीयांश जागा झाल्या. २०११ साली आपल्या राज्यात ५० टक्के झाल्या. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूदही आहे. ही महिला सभा म्हणजे रमाबाईंच्या काळातली बायकांची लहान सभाच आहे, फक्त आता तिला कायद्याचा आधार आहे. पण कित्येक गावांत ती नुसत्या सह्यांवर उरकते. सही करायच्या आधी “सभा कधी झाली?” एवढे विचारायला शिका.

हे सगळे वाचल्यावर आमच्या गटाने एक रीत घातली. दर बैठकीत, बचत गोळा झाल्यावर, एक जण दोन मिनिटे बोलते. विषय कोणताही : कापसाचा भाव, लेकीची शाळा, बँकेत काय झाले. पहिल्या महिन्यात बसून बोलायचे, दुसऱ्या महिन्यात उभे राहून, तिसऱ्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत. बोलताना हसायचे नाही, मध्ये तोडायचे नाही, चूक लगेच दाखवायची नाही. मागच्या ओळीतल्या बाईला ऐकू येईल असे बोलायचे, म्हणजे आवाज आपोआप मोठा होतो. आपल्या बोलीत बोलले तरी चालते, उलट अडखळणे कमी होते. सभेत बोलताना चार गोष्टी सांगायच्या : अडचण काय, ती किती घरांना आहे, आम्हाला काय हवे, आणि “हे इतिवृत्तात लिहून घ्या.” चौथी गोष्ट विसरायची नाही. लिहून झाले की वाचून दाखवायला सांगायचे.

सहा महिन्यांनी त्याच गावात ग्रामसभा झाली. आम्ही लवकर गेलो आणि या वेळी पुढच्या ओळीत बसलो. ताई उभ्या राहिल्या. हातात चिठ्ठी होती, या वेळी उघडलेली. आवाज सुरुवातीला कापला. मग त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि गटाचा हिशोब सांगावा तशा बोलत गेल्या : वस्तीत ४२ घरे, पाणी चार दिवसांनी, नवी पाइपलाइन हवी, लिहून घ्या. मागून कोणीतरी म्हणाले, “बाई, थोडक्यात आटपा.” त्या म्हणाल्या, “आटोपलं भाऊ. फक्त वाचून दाखवा.”

ठराव वाचून दाखवला गेला. पाणी अजून रोज येत नाही. पण ठरावाला क्रमांक आहे आणि तो क्रमांक घेऊन आम्ही पंचायत समितीत दोनदा जाऊन आलो आहोत. तिसऱ्यांदाही जाऊ. तेव्हा बोलायचे काम ताईंकडे नाही, गटातल्या सगळ्यांत लहान सुनेकडे दिले आहे. तिची चिठ्ठी ताईच लिहून देणार आहेत.

तर मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत बचत मोजून झाली की पाच मिनिटे थांबा. जी आजवर एकदाही बोलली नाही, तिला विचारा, “सांग, तुझे काय म्हणणे आहे?” आणि मग गप्प बसून ऐका.