तीन पूर्णांक शहाऐंशी

आमच्या शिधापत्रिकेवर पाच नावे आहेत. अस्मादिक, आमची आई, सौ., चौथीत शिकणारी कन्या आणि पाच वर्षांचे चिरंजीव. जेवायला बसलो की शेजाऱ्यांना वाटते, आज यांच्याकडे दहा पाने आहेत. पण शास्त्राप्रमाणे आमच्या घरात फक्त ३.८६ माणसे राहतात. हा आकडा मी मनाने काढलेला नाही. बँकेत असल्यामुळे मनाने आकडे काढायची सवय आम्हाला नसते. निदान खातेदारांच्या बाबतीत नसते.

त्याचे असे आहे. कारकून हा प्राणी पगारावर जगतो असा लोकांचा समज आहे. खरे तर तो महागाई भत्त्यावर जगतो. आणि भत्ता कशावर जगतो? तर ‘औद्योगिक कामगारांसाठी ग्राहक किंमत निर्देशांक’ नावाच्या एका लांबलचक आकड्यावर. हा आकडा चढला की बाजारात सगळे हळहळतात आणि आमच्या शाखेत मात्र कुणीतरी हळूच चहा सांगतो. दुसऱ्याच्या भाजीचे भाव वाढल्यावर ज्याच्या मनात लाडू फुटतात, असा पगारदार कारकुनाशिवाय दुसरा प्राणी नसेल. अर्थात ती भाजी आपल्यालाही घ्यावी लागते, हे घरी गेल्यावर कळते.

तर या आकड्याच्या मागे मी लागलो आणि फिरत फिरत थेट सोलापुरातच येऊन पोचलो. कारण हा उद्योग आपल्या गावाला नवा नाही. जुनी गिरणी सुरू झाली १८७७ साली. पुढे आणखी गिरण्या आल्या आणि भोंग्यावर उठणारे, भोंग्यावर जेवणारे गाव तयार झाले. १९२१ साली मुंबई सरकारने ‘लेबर ऑफिस’ काढले. फिंडले शिरास नावाचे साहेब त्याचे प्रमुख. त्यांनी आधी मुंबईच्या कामगारांचे संसार मोजले आणि मग १९२५ साली या कचेरीची माणसे आमच्या सोलापुरात गिरणी कामगारांच्या घरी जाऊन विचारू लागली, की बाबांनो, तुम्ही खाता काय आणि त्याला पैसे किती पडतात? त्याचा अहवाल १९२८ साली छापून आला.

आमचे पणजोबा त्या काळी गिरणीत होते. त्यांच्या दारात कुणी आले होते की नाही हे सांगायला आज कुणी उरलेले नाही. पण आले असेल तर काय झाले असेल, हे मला डोळ्यांपुढे दिसते. हातात छापील तक्ता घेतलेला कोटवाला माणूस उंबऱ्यात उभा. ज्वारी किती? डाळ किती? तेल? घासलेट? भाडे? आणि शेवटी आवाज खाली आणून, कर्ज किती? पणजोबा छातीठोकपणे काहीतरी सांगणार आणि आतून पणजीच्या बांगड्या वाजणार. बांगड्या वाजल्या की तो आकडा खोडून दुसरा लिहायचा, हे त्या माणसाला शिकवले असेल तर अहवाल बिनचूक उतरला असणार. कारण ज्वारी किती लागते हे दाण्याच्या कणगीला आणि पणजीलाच ठाऊक. नवऱ्याला भाकरी किती लागतात एवढेच ठाऊक.

हे घरोघरचे हिशेब गोळा करण्याचे वेड मूळचे युरोपातले. अर्न्स्ट एंगेल म्हणून एक जर्मन गृहस्थ होते. (मार्क्ससाहेबांचे मित्र ते एंगल्स. हे वेगळे. यांनी क्रांती केली नाही, बेरजा केल्या.) १८५७ साली, इकडे आपल्याकडे बंडाची धामधूम चालू असताना, ते तिकडे बेल्जियममधल्या कामगारांचे घरखर्च चाळत बसले होते. त्यांनी नियम काढला, की घर जितके गरीब तितका मिळकतीचा मोठा वाटा पोटात जातो. बी.कॉम.ला हा नियम आम्ही चार मार्कांसाठी पाठ केला होता. आईला तो सांगितला तेव्हा ती म्हणाली, “हे कळायला जर्मनीला कशाला जायला पाहिजे रे? बाळीवेशीत कुणालाबी विचारायचं की.”

एंगेलसाहेबांपुढे अडचण आली ती पोराबाळांची. एका घरात दोन माणसे, दुसऱ्यात आठ. तुलना करायची कशी? त्यांनी पुढे एक सुंदर युक्ती काढली. तान्हे बाळ म्हणजे एक. दर वर्षाला त्यात एक दशांश मिळवत जायचे. बाई विसाव्या वर्षी तीनवर थांबते, पुरुष पंचविसाव्या वर्षी साडेतीनवर. म्हणजे घराचे मूळ माप कोण, तर पाळण्यातले बाळ! बाप म्हणजे साडेतीन बाळे. आमच्या सौ.ला हे फार पटले. फक्त तिच्या मते मी अजून पंचविशीला पोचलेलो नाही.

पण आपल्याकडच्या पाहण्यांत जास्त चालले ते लस्क नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाचे कोष्टक. त्यांनी उलटे धरले. मोठा पुरुष म्हणजे पूर्ण एक. बाई ०.८३. दहा ते चौदा वर्षांचे मूलही ०.८३. सहा ते दहा, ०.७०. सहाच्या आतले पोर अर्धे. आता करा बेरीज. मी एक, आई आणि सौ. मिळून १.६६, कन्या ०.७०, चिरंजीव ०.५०. एकूण ३.८६. चिरंजीवांना अर्धे म्हणणारे लस्कसाहेब कधी आमच्या घरी जेवायला आले नाहीत, एवढेच मी म्हणेन. आंब्याच्या दिवसांत तर नाहीच नाही.

तर अशी माणसे मोजून झाली की ‘टोपली’ तयार होते. ज्वारी, तांदूळ, दूध, धोतर, भाडे, काड्यापेटी, ज्यावर जेवढा खर्च तेवढे तिचे वजन. मग दर महिन्याला ठरलेल्या दुकानांतून भाव घ्यायचे आणि टोपली किती महागली ते बघायचे. सोलापूरच्या पहिल्या निर्देशांकाला पाया होता जानेवारी १९२८ अखेरच्या वर्षाचा. पुढे देशभराचा आकडा निघू लागला, १९४६ साली केंद्राचा श्रम विभाग सिमल्याला बसला आणि १९६०, १९८२, २००१, २०१६ असे पाये बदलत गेले. प्रत्येक वेळी मोजणीच्या गावांत सोलापूर आहेच. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, भोंगे थांबले, पण आमच्या वांग्याचा भाव सिमल्याला जात राहिला. वांगे गेले नाही, हे सिमलेकरांचे दुर्दैव.

या टोपलीत खर्चाचे गट पाडलेले असतात. अन्न, कपडालत्ता, घर, जळण-दिवाबत्ती. ठीक. पान-सुपारी-तंबाखू आणि मादक पदार्थ यांना स्वतंत्र गट आहे! मग मुलांची शाळा कुठे? वह्या, पुस्तके, फी कुठे? मी बोट ठेवून शोधत गेलो. शेवटचा गट, ‘किरकोळ’. त्यात डॉक्टर, एस.टी.चे भाडे, साबण, दाढीचे सामान, करमणूक आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून शिक्षण.

सौ.ला हे दाखवले. तिने जूनमधल्या शाळेच्या पावत्या कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवल्या. “किरकोळ का? मग तुम्हीच भरा की ओ हे किरकोळ. मी तंबाखूचं बघते!”

सरकारचे आकडेही हळूहळू सौ.च्या बाजूला येताहेत. १९८२ च्या पायात अन्नाचे वजन शंभरात ५७ होते. २००१ ला ते ४६ वर आले, २०१६ ला ३९ वर. किरकोळ तेवढ्यात १६ वरून २३ आणि २३ वरून ३० वर गेले. म्हणजे शंभरातले तीस रुपये किरकोळ! पान-तंबाखू दोनावर आहे आणि तरी त्याचा सवता सुभा कायम आहे. आमच्या घरात तर जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली की किरकोळच मुख्य होते. होम मैदानावर पाळणे लागले, की एका पाळण्याचे भाडे दोन पोरांना आणि वर “आईलाही बसू दे ना” म्हणून तिसरे. लस्कसाहेबांचे अर्धे माणूस, पण तिकीट पूर्ण.

आता जरा १९५७ कडे. त्या वर्षी १ एप्रिलला नवे पैसे आले. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला आणि एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे असे अवघड लग्न लागले. सरकारी कोष्टकात एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस. वरचा पाव आणि अर्धा पैसा गेला कुठे, हा आजीचा प्रश्न होता आणि तो तिने दुकानदाराला मरेपर्यंत विचारला. त्याच वर्षी जुलैमध्ये दिल्लीत भारतीय श्रम परिषदेचे पंधरावे अधिवेशन भरले. मालक, कामगार, सरकार तिघेही एकत्र बसले आणि किमान वेतन कशाला म्हणावे हे त्यांनी ठरवले. कामगाराचे कुटुंब म्हणजे खाणारी माणसे तीन. नवरा एक, बायको ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६. कापड माणशी वर्षाला १८ वार. अठरा वार म्हणजे आजीच्या बरोब्बर दोन नऊवारी, चोळीला चिंधीही उरायची नाही. आणि तेही सगळ्या देशाला चादरी पुरवणाऱ्या गावात! जळण, दिवा आणि इतर किरकोळ मिळून वीस टक्के.

या तिनात म्हातारी आई कुठे बसते? कुठेच नाही. शून्य. आणि आणखी एक कलम होते. बायकामुलांची कमाई हिशेबात धरायची नाही. हेतू चांगला होता. बायको कमावते म्हणून मालकाने नवऱ्याचा पगार कापू नये. पण त्या कलमामुळे आमच्या आईची गोष्ट कोष्टकाच्या बाहेर राहिली.

वडिलांची गिरणी माझ्या लहानपणी कधी चालू तर कधी बंद असे. चालू असली की पगार, बंद असली की चर्चा. आई विड्या वळायची. सोलापुरात हजारो बायका वळतात, त्यातली एक. सकाळी कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणायचा, पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कापायची, सूप मांडीवर घ्यायचे आणि हजाराचा आकडा गाठायचा. हजाराला मजुरी. मी शेजारी बसून पंचवीस-पंचवीसच्या जुड्या मोजायचो. बँकेत नोटा मोजायला मला कुणी शिकवावे लागले नाही ते त्यामुळे. महिनाअखेरीला ती डाळीच्या डब्यातून फी काढायची. नोटांना तंबाखूचा वास असे. वर्गशिक्षक फी घेताना एकदा शिंकले होते.

तेव्हा मी सहावीत होतो. साल १९९१. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीला सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकॉस ब्रेट या औषध कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. न्यायालय म्हणाले, १९५७ च्या त्या अन्न-वस्त्र-निवाऱ्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवारासकट थोडी करमणूक, म्हातारपणची आणि लग्नकार्याची तजवीज हेही धरा, आणि त्यासाठी किमान वेतनात पंचवीस टक्के मोजा. मुलाने शाळेत जाणे ही गरज आहे, हे हिशेबात यायला चौतीस वर्षे लागली. गड्ड्याचा पाळणाही त्याच पंचवीस टक्क्यांत आला. आमच्या घरापर्यंत निकाल पोचला नाही. ज्या गिरणीला भोंगाच वाजवायला परवडत नव्हता, ती पंचवीस टक्के कुठून देणार? आईने त्या दिवाळीत हजाराऐवजी बाराशे वळल्या.

परवा मी तिला हे सगळे कोष्टक समजावून सांगितले. फी ‘किरकोळ’मध्ये आणि तंबाखू वेगळा, हे ऐकून ती बराच वेळ हसली. म्हणाली, “माझं तर सगळं एकाच डब्यात होतं बघ. मोजून काय करतेत रे ते?”

काय करतात ते माझ्या पगारपत्रकावर असते. नवा आकडा जुन्या पायावर न्यायचा तर २०१६ च्या आकड्याला २.८८ ने, त्याला ४.६३ ने आणि त्याला ४.९३ ने गुणायचे. एकूण पासष्ट पूर्णांक पाऊण. २०२४ साली देशाचा आकडा १४० च्या पुढे गेला, म्हणजे १९६० साली शंभर रुपयांत येणारी टोपली नऊ हजारांच्या वर गेली. आम्हा बँकवाल्यांचा भत्ता थेट २०२४ च्या करारापर्यंत त्या १९६० च्याच पायावर मोजत होते. दर चार अंकांना एक स्लॅब. मी जन्मलो नव्हतो तेव्हाच्या ज्वारीवर माझा भत्ता! कन्येला या गुणाकाराचे गणित घातले. तिने उत्तर काढले आणि विचारले, “बाबा, मग त्या वेळी आइस्क्रीम केवढ्याला होतं?” मी म्हटले, आजीला विचार. आजी म्हणाली, “पोरी, आमच्या टोपलीत ते नव्हतंच.”

गेल्या महिन्यात चिरंजीवांना सहा पूर्ण झाली. लस्कसाहेबांच्या हिशेबाने ते ०.५० वरून ०.७० झाले आणि आमचे घर ४.०६ माणसांचे झाले. मी हे जेवताना जाहीर केले. सौ. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून दूधवाल्याला पाव लिटर जास्त घालायला तिने सांगितले आहे.