शंभर किलोंचं घर

युद्धकाळातल्या हद्दपारीवर लिहिलेल्या कुमार-कादंबऱ्यांविषयी एक मत जाणत्या वाचकांतही पक्कं बसलेलं आहे. या पुस्तकांत एक आई असते, धाकटा भाऊ असतो, उबेला एक कोट असतो आणि शेवटी कोणीतरी वाचतंच. पोराला वाटतं, घरच्यांची माया घट्ट असली की माणूस तरतो. मग जे मेले त्यांची माया काय पातळ होती? इतिहास द्यायचा तर सत्तेने काय केलं ते सांगा, चुलीजवळचं पाल्हाळ कशाला?

हा पूर्वपक्ष हलका नाही. मेलेल्यांचा प्रश्न तर मलाही छळतो. पण सत्ता एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला, असं जे यात गृहीत धरलं आहे, तिथेच त्याचा पाय घसरतो.

१४ जून १९४१ चं उदाहरण घ्या. हिटलरची फौज सोव्हिएत हद्दीत घुसायला आठ दिवस होते. त्या दिवशी सोव्हिएत ताब्यातल्या लिथुआनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया या तीन देशांत घराघरांची दारं ठोठावली गेली. एकट्या लिथुआनियातून त्या काही दिवसांत सुमारे सतरा हजार माणसं मालगाड्यांत कोंबून नेली. हे कसं पार पाडायचं याच्या सूचना सोव्हिएत सुरक्षा खात्यातले अधिकारी इव्हान सेरोव यांच्या नावाने ओळखल्या जातात. कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी मिळून दर कुटुंबाला १०० किलोंपर्यंत सामान घेऊ द्यावं. कुटुंबप्रमुखाला बाकीच्यांपासून तोडायचं, पण घरी नव्हे, स्टेशनावर, आणि तोवर कुणाला सुगावा लागू द्यायचा नाही. त्याचे कपडे मात्र घरीच वेगळ्या पेटीत भरून घ्यायचे. त्यासाठी सबबही ठरलेली होती : पुरुषांची आरोग्य-सफाई बायकामुलांपासून वेगळी होणार आहे.

बायकोने नवऱ्याच्या सदऱ्यांच्या घड्या करून वेगळ्या पेटीत ठेवायच्या आणि ताटातुटीची तयारी न कळता तिच्याच हातांनी व्हायची. हे कुठल्या कादंबरीकाराने रचलेलं नाही, सरकारी कागदात आहे. हुकूम काढणाऱ्यांनीच माणसं कुटुंबाच्या हिशेबाने मोजली होती. मग ही हद्दपारी समजून घेणाऱ्याने घरात शिरायचं नाही तर कुठे शिरायचं?

रूटा सेपेटिस यांची 'बिट्वीन शेड्स ऑफ ग्रे' (२०११) याच रात्रीवर उभी आहे. पंधरा वर्षांची लीना, दहा वर्षांचा योनास आणि त्यांची आई एलेना. शिपाई दारात उभे असताना एलेना आपली जपून ठेवलेली काचेची भांडी जमिनीवर आपटून फोडते. का, तर तिचा त्यांच्यावर फार जीव असतो. पुढे योनासला वेगळं काढायची वेळ येते, तेव्हा ती खिशातलं घड्याळ अधिकाऱ्याच्या हातावर ठेवते आणि पोराला सोडवून आणते. इथे मायेचा विजय होतो असं म्हणणाऱ्याने घड्याळाकडे पाहिलेलंच नाही. ज्या आईकडे घड्याळ नसेल तिचं काय, हा प्रश्न चौदा वर्षांचा वाचक आपणहून विचारतो, विचारायला हवा. एवढी माया असलेली एलेना स्वतः शेवटी वाचत नाही, हेही आक्षेपकर्ते सोयीने विसरतात.

दुसरी साक्ष एस्थर हाउत्झिग यांची. 'द एंडलेस स्टेप' (१९६८) ही त्यांच्या बालपणाची हकीकत आहे. विल्ना (आजचं व्हिल्न्यूस) इथल्या त्यांच्या सुखवस्तू ज्यू घराला भांडवलदार ठरवून १९४१ च्या जूनमध्ये सैबेरियात रुब्त्सोव्स्कला धाडलं. जिप्समच्या खाणीवर राबवलं, उपाशी ठेवलं. मागे राहिलेले बहुतेक आप्त पुढे जर्मन अमलात मारले गेले. म्हणजे या कुटुंबाला वाचवलं ते त्यांच्यावर झालेल्या अन्यायानेच. या पुस्तकातून 'माया तारते' असा बोध कोणी काढून दाखवावा, मी ऐकायला तयार आहे.

सेपेटिस यांच्या कादंबरीतलं सगळंच मला पटत नाही. लीना आणि आंद्रियसचं प्रेमप्रकरण जरा साच्यातलं वाटतं. पण ज्या जागी टीकाकार 'हे फारच नाटकी' म्हणतात, नेमक्या तिथे इतिहास उभा असतो. शेवटी खणताना जमिनीत पुरलेली बरणी सापडते, तीच पाहा. दालिया ग्रिंकेविच्यूते ही खरीखुरी मुलगी चौदा वर्षांची असताना त्याच जूनमध्ये लिथुआनियातल्या कौनासहून नेली गेली. आधी अल्ताय, मग लेना नदीच्या मुखाशी, ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, त्रोफिमोव्स्क. वडिलांना वेगळं काढलं होतं, ते छावणीतच गेले. १९४९ मध्ये ती आजारी आईला घेऊन पळून कौनासला आली, कारण आईला मरायचं होतं ते आपल्या मातीत. आई गेली तेव्हा उघडपणे पुरणं शक्य नव्हतं. लेकीने तिला घराच्याच तळघरात पुरलं. त्याच काळात लिहिलेले कागद तिने बरणीत घालून बागेत पुरले. ते हाती लागले १९९१ मध्ये, ती गेल्यावर चार वर्षांनी. कादंबरीत अगदी वेळेवर येणारा डॉक्टर समोदुरोवसुद्धा तिच्या आठवणींत आहे. कादंबरीने भडक केलं म्हणावं, तर मूळ हकीकतीपुढे ती सौम्यच ठरते.

राहिला मेलेल्यांचा मुद्दा. वाचलेलेच बोलतात, हे खरं. पण वाचलेली घरं अखंड नव्हती, हे पाहायला आपल्याला सैबेरियापर्यंत जायलाच नको. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहत होते. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, स्काउटचं पथक, सगळं होतं. वस्तीत बहुतेक बायका आणि मुलं. धडधाकट पुरुष फौजेत गेलेले, किंवा मागे बर्फात राहिलेले. तिथली कुठलीही मुलगी आपल्या घराची गोष्ट सांगायला बसली असती, तर कोण कोण नाही हे तिला आधी सांगावं लागलं असतं.

१९४८ पर्यंत ते लोक निघून गेले आणि त्याच बराकींत फाळणीने उठवलेली सिंधी कुटुंबं आली. त्या वस्तीला आज गांधीनगर म्हणतात. लग्नसराईत कोल्हापूरकर तिथे साड्यांचा बस्ता बांधायला जातात.