शब्दवेध : नेमस्पेस

‘नेमस्पेस’ हा जोडशब्द. त्यातला ‘नेम’ आपल्या नात्यातलाच: संस्कृत ‘नामन्’, लॅटिन ‘नोमेन’ आणि आपलं ‘नाव’ ही एकाच मुळाची भावंडं. ‘स्पेस’ लॅटिन ‘स्पाटियुम’वरून, फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. मुळात अर्थ जागा, आणि काळाचा अवधीसुद्धा.

नावांना जागा का लागते, हे ‘टिकल’ या संगणकभाषेत स्वच्छ दिसतं. जॉन ओस्टरहाउट यांनी ती १९८८मध्ये बर्कलीत घडवायला घेतली. तिच्यात फाइल उघडण्याची आज्ञा ‘ओपन’. त्याच नावाची आपली प्रोसिजर लिहिली, की मूळ आज्ञा गुपचूप पुसली जाते. साधा इशाराही मिळत नाही! १९९७च्या ८.० आवृत्तीत नेमस्पेस आली आणि हा जाच संपला. ‘दार’ नावाच्या नेमस्पेसमधली प्रोसिजर ‘दार::ओपन’, तर मूळची ‘::ओपन’. दोघी सुखाने नांदतात. ते चार ठिपके मला फार देखणे वाटतात. आज्ञेचा शोध आधी स्वतःच्या नेमस्पेसमध्ये, मग थेट जागतिक नेमस्पेसमध्ये.

नेमस्पेसमधल्या व्हेरिएबलची शिस्त जास्त कडक. प्रोसिजरच्या आत ‘व्हेरिएबल’ ही आज्ञा देऊन नाव जोडून घ्यावं लागतं. नाहीतर त्या नावाने ठेवलेली किंमत प्रोसिजरपुरतीच राहते आणि ती संपताच नाहीशी होते.